मल्लिगेच्या वासाचं दही

१ डिसेंबर
पोचले एकदाची म्हैसूरला! सांगलीहून निघताना आईने उजव्या हातावर दही ठेवलं, ते चाटून उंबरा ओलांडला. तेवढ्यावर भागलं नाही. सुती चिंधी दह्यात भिजवून, सावलीत वाळवून डबीत घालून दिली. परक्या गावात घरचं विरजण हवं म्हणे. जिवाणूंच्या जनुकांवर पीएच.डी. केलेल्या मुलीला आई जिवाणूंचीच शिदोरी देते, आता बोला!

कुवेंपुनगरात वरच्या मजल्यावर झकास खोली मिळाली आहे. खाली घरमालकीण तुंगाबाई. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या, घरात मराठीच, पण वाक्य निम्म्यावर आलं की गाडी कन्नडवर घसरते. लिहिणं-वाचणं सगळं कन्नडात. मला बघताच म्हणाल्या, अय्यो, कसली गं काटकुळी, ऊट झालं का? ऊट म्हणजे जेवण, हे पुढ्यात सारूभात आल्यावर कळलं. त्यांची यशस्विनी बन्नूरहून बाळंतपणाला आली आहे. पहिलटकरीण, आणि भारी लाघवी पोरगी. मला बघून तिच्या पोटातल्याने लाथ मारली म्हणे. जिन्याला मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याच्या जातीतल्या फुलांचा, वेल आहे. आपलं तर बुवा नशीब उघडलं.

५ डिसेंबर
प्रयोगशाळा छान, सुधींद्र सर त्याहून छान, फक्त हसत नाहीत. रुग्णांच्या जखमांतून आलेले, औषधांना दाद न देणारे जिवाणू आमच्याकडे असतात. प्लेटवर जिवाणू पसरायचे, मध्ये औषधाची टिकली ठेवायची. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती स्वच्छ कडं उमटतं. इथल्या एका वाणाला आमच्यापाशी असलेल्या एकाही औषधाचं कडं उमटत नाही. टिकलीला खेटून वाढतो मेला. सवयीने झाकण उचलून हुंगलं, तर चक्क मल्लिगेचा वास! सरांनी जे झापलंय!

हे जिवाणू औषध पचवायची विद्या एकमेकांना देतात, अगदी निरुपद्रवी जातभाईंनाही. तुंगाबाईंनी विचारलं तेव्हा म्हटलं, शेजारीण वाटीभर विरजण नेते ना, तसं. त्यांना एकदम पटलं. विरजण मागायला आलेल्याला परत पाठवायचं नसतं, म्हणाल्या.

९ डिसेंबर
चिंधी दुधात घातली, दही लागेना. थंडी फार. तिसऱ्यांदा नासल्यावर डोकं चालवलं. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचं उबदार कपाट आहे की! खाण्याची वस्तू तिथे न्यायला सक्त बंदी आहे, मला ठाऊक आहे. पण खालच्या कप्प्यात, कोपऱ्यात, झाकलेली एक वाटी. कोणाचं काय जातंय?

१० डिसेंबर
वडी पडावी असं दही! वरच्या प्लेटांचं बाष्प ठिबकून वाटीच्या झाकणावर थेंब साचले होते. पुसून टाकले. तुंगाबाईंच्या विरजणाला तार सुटली होती, म्हणून त्यांनाही दिलं. खूश झाल्या. मागच्या घरी सदाशिवरावांच्या बायकोलाही वाटी गेली.

१८ डिसेंबर
गल्लीभर माझ्या दह्याचं कौतुक. गोड लागतं, वर मल्लिगेचा वास येतो, म्हणे देवीचा प्रसाद. यशस्विनीने मात्र तोंडही लावलं नाही. दिवस गेल्यापासून तिला दह्याची शिसारी आहे. आईची बोलणी खाते बिचारी.

वास खरंच येतो. मला वाटलं, जिन्यावरच्या वेलाचा.

२० डिसेंबर
आज उजेडात वेल नीट पाहिला. एक फूल नाही. हा बहराचा महिनाच नव्हे, असं तुंगाबाई म्हणतात.

मग हा वास त्या प्लेटवरचा.

२३ डिसेंबर
दही गुपचूप तपासलं. कडं नाही. एकाही टिकलीभोवती नाही. वाटीवर पडलेले ते थेंब. त्यांतून ते जिवाणू दह्यात उतरले, त्यांची विद्या दह्याच्या जिवाणूंकडे गेली, आणि दही गल्लीच्या पोटात.

सरांना सांगितलं तर नोकरी गेली. इतक्या वर्षांची मेहनत गेली. आणि यशस्विनी? चार दिवसांनी ओली बाळंतीण होणार, अंगावर ताजी जखम, त्यात हे शिरलं तर आमच्यापाशी एक गोळी नाही. नाही, आज नको. आधी दही टाकते.

२४ डिसेंबर
दही बिघडलंय अशी थाप मारली. आमच्या आणि सदाशिवरावांच्या घरची भांडी मोरीत उपडी केली, वर उकळतं पाणी ओतलं. आईची चिंधी जाळली. तुंगाबाई हळहळल्या. खरं कारण बोलले नाही. सुटले बाई.

घसा खवखवतोय.

२९ डिसेंबर
ताप. डॉक्टरांच्या गोळ्यांनी काडीचा फरक नाही. गिळवत नाही. उशीला तोच वास.

घशातला नमुना घेऊन कशीबशी प्रयोगशाळेत गेले.

१ जानेवारी
माझीच प्लेट. कडं नाही.

सरांना सगळं सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, आणखी कोणी खाल्लं? उद्या-परवा माणसं घेऊन येतो म्हणाले. घरी परतेपर्यंत आवाज गेला. आता कुजबुजही निघत नाही.

३ जानेवारी
तुंगाबाई दहीभात घेऊन वर आल्या. दही ताजं. मल्लिगे—

खुणेने विचारलं, कुठून आणलं? हसल्या. विरजण टाकलंस तरी बुडलं नाही गं, म्हणाल्या. सदाशिवरावांच्या बायकोने पुढच्या घरी दिलं होतं, तिथून मागून आणलं, तुझंच की ते. त्यांच्याकडून आणखी किती घरी गेलंय. सुम्ने, उगीच काळजी करतीस, जेव.

कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं— दही फेका, विष आहे. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. मराठी वाचता येत नाही त्यांना. कपाळाला हात लावून बघितला, यशस्विनीला येतं, तिला दाखवते म्हणाल्या, तेवढ्यात खालून तिने हाक मारली. कागद इथेच राहिला, माझ्या पांघरुणावर.

तिला फोनवर निरोप लिहिला. सरांनाही. उद्या सकाळीच निघतो, असं सरांचं उत्तर आलं.

४ जानेवारी
सर नाहीत अजून. वाटेत असतील. यशस्विनीने निरोप पाहिलेला नाही. खाली धावपळ. कळा सुरू झाल्यात तिला. रिक्षा आली.

उठले. दारापाशी पडले. जिना दिसतोय, उतरवत नाही.

तांब्या फरशीवर आपटते आहे. तुंगाबाई खालून ओरडल्या, आले गं, हिला लावून देते न् येते.

ती गेली की सुटली. दवाखान्यात दही नाही. बाळ सुखरूप— जा गं पोरी, लवकर जा—

रिक्षा निघत का नाही? तुंगाबाई थांबवतायत. शुभकामाला निघालीस, अशी कोरडी जाऊ नकोस म्हणतायत—

वाटीचा आवाज. यशस्विनी नको म्हणतेय. एवढंसंच, आईचं ऐक, चाट—

आपटते आहे— ऐका— कोणीतरी—

हात पुढे कर गं, म्हणाल्या. उजवा—