शिब्लीपुढचा उपडा ग्लास

मु. जाहले,
३ सप्टेंबर

प्रिय लौरीस,

अनेक आशीर्वाद. साओ पावलोला तुम्ही सगळे खुशाल असाल. इथे द्राक्षं उतरायला लागली आहेत. माझी तब्येत उत्तम आहे. उत्तमच असते.

तुझा मार्सेलो ऑक्टोबरात मामांची दारूची भट्टी शिकायला येतोय, हे वाचलं. शिब्लीच्या वदादने त्याच्यासाठी वरची खोली झाडून ठेवली आहे.

तू विचारलंस, गावातल्या प्रत्येक मयताला बोलणारा दादा शिब्लीच्या, सख्ख्या भावाच्या दफनाला गप्प का होता. उत्तराला सात महिने लागले.

आपली रविवारची पंगत आठव. भट्टीचा अरक ओतायचा तर दर वेळी नवा ग्लास. कोण किती प्यायला, हे पुढच्या ग्लासांवरून आंधळ्यालाही कळावं. चाळीस वर्षं शिब्लीपुढे पाच, माझ्यापुढे पाच. कधी सहा.

मग त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. डॉक्टरबाईंनी दारू सोडायला सांगितलं. त्याने सोडली. पंगतीला बसला की एकच ग्लास उपडा घालून ठेवायचा. तरी पिवळेपणा उतरेना. मी म्हटलं, आईबाप एक, ग्लास सारखे आणि मी ठणठणीत. म्हणजे हा चोरून पितो. भर पंगतीत म्हटलं.

"दादा, आईची शपथ, थेंबही नाही."

"आईला कशाला मधे आणतोस? आपल्या जिवावर बोल."

"भावोजी," वदाद म्हणाली, "मी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा तपासलंय. अंडी सापडली."

सगळे हसले. शिब्लीही हसला.

पुढचं तुला कोणी कळवलं नसेल. यकृत बदलायचं तर सहा महिने दारू सुटलेली हवी, आणि इस्पितळाची समिती घरच्यांनाही विचारते. मला विचारलं. थोरला, शिकलेला, मळेकामगारांचा पुढारी. मी वीस मिनिटं बोललो. सचोटीवर बोललो. ज्याची लायकी आहे त्याच्या वाट्याचं यकृत खोटारड्याला देऊ नका, असं बोललो. त्यांना पटलं. लोकांना पटवणं हेच मी जन्मभर केलं. शिब्लीचं नाव यादीत मागे गेलं. फेब्रुवारीत तो गेला.

मार्चमध्ये डॉक्टरबाईंनी बोलावलं. शिब्लीने मरण्याआधी संशोधनासाठी रक्त दिलं होतं. त्यांनी माझंही घेतलं, आणि पंधरा दिवसांनी सांगितलं, "यकृतात चरबी साठू देणारा एक बदल काहींच्या जनुकांत असतो. वर दारू पडली की यकृत लवकर नासतं. तुमच्या भावाला तो आईकडूनही आला, वडिलांकडूनही. तुम्हाला कोणाकडूनच नाही."

"मग तो चोरून पीत नव्हता?"

"ते यातून कळत नाही. एवढं बिघडलेलं यकृत दारू सोडल्यावरही ढासळत राहू शकतं. आणि एवढं आजारी पडायला त्यांना तुमच्याहून जास्त प्यायची गरज नव्हती. इतकंच कळतं."

माझ्याकडे पुरावा तेवढाच होता, लौरीस. ग्लास.

मी रडलो नाही. घरी येऊन जेवलो.

आता मार्सेलो. नव्या माणसाने तिसऱ्यांदा गाळलेल्या अरकाचा पहिला ग्लास सगळ्यांसमोर रिकामा करायचा, ही आपल्या भट्टीची रीत. तुझे आईबाप तेच. तुझ्यात काय आलं, तुझ्याकडून त्याच्यात काय गेलं, मला ठाऊक नाही. विमानात बसवण्याआधी दोघंही रक्त तपासून घ्या. तपासणी चांगली निघाली तर तो पिण्याचा परवाना नव्हे, हेही त्याला सांग. आणि हे पत्र वाचायला दे. त्यानंतरही यावंसं वाटलं तर येऊ दे. तो ग्लास मी त्याच्यापुढे उपडा घालीन. कोणी हसलं तर बोलेन.

मी समितीपुढे काय बोललो, हे वदादला माहीत नाही. ती मला रोज दुपारचं जेवण पाठवते. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, असं आई सांगायची. आज धुतलेल्या भांड्यात या पत्राची नक्कल ठेवली आहे. तुला लिहिलेलं हे पत्र टपालपेटीत पडेल तेव्हा तिने झाकण उघडलेलं असेल.

उद्या जेवण येईल की नाही, सांगता येत नाही.

ज्याला काहीच झालं नाही, तो तुझा दादा,
नखले