खोडलेलं वाक्य

अमरावती,
१४ सप्टेंबर २०२५

चि. किशोर यास,
अनेक आशीर्वाद.

फोन केला तर तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी हो-नाही यापलीकडे बोलत नाहीस. म्हणून लिहिते. पत्राला निदान उत्तर तरी देतोस. दोन ओळी खुशाली अन् एक ओळ पावसाची, पण देतोस.

बातमी वाईट आहे. आपले तायडे सर गेले. मंगळवारी, हिवरखेडला. छातीत दुखू लागलं, तेल्हाऱ्याला नेईपर्यंत काही उरलं नाही. चौसष्ट वर्षांचे होते. शाळेत माझ्या वर्गात असलेल्या प्रीतमने मला कळवलं, तोवर सगळं आटोपलं होतं.

प्रीतमने आणि आम्ही काही जणांनी ठरवलं आहे की १२ ऑक्टोबरला, रविवारी, शाळेच्या सभागृहात सरांच्या आठवणींचा कार्यक्रम करायचा आणि एक छोटी पुस्तिका काढायची. संस्थेचे अध्यक्ष योगेशभाऊंनी सभागृह लगेच दिलं. अध्यक्षस्थानीही तेच राहतील. ते जुन्या अध्यक्षांचे, वामनरावांचे चिरंजीव म्हणून तू नाक मुरडू नकोस. वामनराव गेले, तो काळही गेला.

तू दोन पानं लिहून पाठव. सगळ्या नाटकांत तू विंगेत उभा होतास, सरांना तुझ्याइतकं जवळून कोणी पाहिलं नाही. प्रीतमची पाटलाची मिशी चहात पडली होती ते लिही. सर बंडूला मैदानाच्या पार टोकाला उभं करून संवाद म्हणायला लावत, आणि शेवटच्या ओळीतल्या बहिऱ्या म्हातारीले ऐकू गेलं पाहिजे बाप्पा, असं इकडून सांगत, ते लिही. लोक हसतील असं लिही. कडू काही नको.

अंकुर बारावीला आहे, म्हणजे बारावीला मीच आहे. शकुनला आणि आचलला आशीर्वाद.

तुझ्या दोन पानांची आणि जमलं तर तुझीही वाट पाहणारी,
ताई

*

अकोला,
२१ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. इकडे आम्ही बरे आहोत. पाऊस अजून थांबत नाही.

सर गेल्याचं मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. आमच्या सिंचन खात्यातला एक माणूस हिवरखेडचा आहे, त्याने सांगितलं. मी गेलो नाही. टेबलावर एका पाटचारीचा नकाशा होता, तो पूर्ण केला. संध्याकाळी शकुनने विचारलं की आज जेवण का गेलं नाही, तर आम्लपित्त झालं म्हणालो.

मिशीचं मला आठवतं. पण लिहायला बसलं की तेवढ्यावर थांबता येत नाही. सहावीत मी सरांना सांगायला गेलो होतो की मला नाटकात घेऊ नका, मला चार माणसांत बोलता येत नाही. ते म्हणाले, काहून घेऊ नको? तुले तर सगळ्याइचं पाठ आहे. ज्याले सगळ्याइचं पाठ असते, तो मागं उभा राहते अन् पडणाऱ्याले धरते. असं मला तोवर कोणी म्हटलं नव्हतं. आपल्या घरात तर मी मुका म्हणूनच ठरलेलो होतो.

ताई, पुढचं तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण मी ते कधी कुठे लिहिलेलं नाही.

सत्त्याण्णवच्या स्नेहसंमेलनातलं विहिरीचं नाटक सरांनी स्वतः लिहिलं होतं. तू विहीर खोदणाऱ्याची बायको होतीस. तुझं वाक्य होतं की खोदणाऱ्याले पाणी कोणत्या पेल्यात देता पाटील, ते सांगा आधी. त्याच महिन्यात सभागृहाच्या उद्घाटनाचं जेवण झालं होतं, आणि शाळेची विहीर खोदणाऱ्या बौद्धवाड्यातल्या माणसांना वामनरावांनी वेगळे पेले ठेवले होते. साऱ्या गावाने ते पाहिलं होतं. म्हणून संमेलनाच्या दिवशी दुपारी हेडमास्तरांनी हात जोडले आणि सरांनी ते वाक्य खोडलं. पोरांची दोन महिन्यांची मेहनत वाया जाऊ नये, एवढ्यासाठी खोडलं. मी तेव्हा सायकलने तिवश्याला बॅटरीचे सेल आणायला गेलो होतो. मला कोणी सांगितलं नाही.

विंगेतल्या माणसाचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून सर बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद बांधायला लावत. आणि खुणा नेहमी लाल पेन्सिलने करत. लाल उजेडात लाल रेघ दिसत नाही. तू अडलीस, मी तीन आकडे मोजले आणि वहीत होतं ते वाक्य तुला दिलं. तू ते म्हटलंस. पहिल्या रांगेत वामनराव बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी वही उघडली तेव्हा मला ती रेघ दिसली.

चौकशीत सरांना विचारलं की वाक्य काढायला सांगितलं असताना मुलीने ते म्हटलंच कसं. सर म्हणाले, मी लिहिलं, मी शिकवलं, पोरीने म्हटलं. हेडमास्तर खाली मान घालून बसले. सर कायम झालेले नव्हते, त्यामुळे काढायला फार कागद लागले नाहीत. बाबा तिथेच कारकून होते. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो, म्हटलं ही दाखवा, सरांनी वाक्य खोडलं होतं, चूक माझी आहे. बाबा म्हणाले, चूप राय पोट्ट्या, मास्तर कुठंबी पोट भरते, आपण कुठं जाऊ? वही त्यांनी बंबात टाकली.

मी चूप राहिलो. त्या वेळी तेरा वर्षांचा होतो. पण पुढे तीस वर्षांचा झालो, चाळीस वर्षांचा झालो. २०११ साली सर अकोल्याच्या बसस्थानकावर भेटले. त्यांनीच ओळखलं. चहा पाजला, तुझी चौकशी केली, बोलतोस का आता थोडं, असं विचारून हसले. मी सांगणार होतो. तेवढ्यात तेल्हाऱ्याची गाडी लागली.

पुस्तिकेसाठी हेच लिहिलं आहे. सोबत दोन पानं आहेत. छापावीस.

तुझा आज्ञेतला,
किशोर

*

अमरावती,
२७ सप्टेंबर २०२५

चि. किशोर यास,
आशीर्वाद.

पानं मिळाली. वाचून झाल्यावर कपाटात ठेवली आहेत. ती छापली जाणार नाहीत.

तुला मी कधी स्पष्ट बोलले नाही, आज बोलते. अठ्ठावीस वर्षं तू विंगेत उभा आहेस. वाक्य माझ्या तोंडून गेलं. दहावीच्या परीक्षेपर्यंत लोक मला मोठी आली पुढारीण म्हणत होते. वामनरावांच्या घरच्या हळदीकुंकवात आईला कोणी पाटावर बसवलं नाही. तुला कोणी काही म्हटलं नाही, कारण तू कोणाला दिसतच नव्हतास.

आणखी एक. वाक्य खोडलं आहे, हे सरांनी मला दुपारी चार वाजता समोर बसवून सांगितलं होतं. मला माहीत होतं. पण दिव्यांसमोर डोकं कोरं झालं, मागून तुझा आवाज आला आणि तोंड उघडलं. चौकशीत मलाही बोलावलं होतं. सरांनी काय सांगितलं होतं, असं विचारलं. मी रडले. रडणाऱ्या मुलीला पुढे कोणी विचारत नाही, हे मला तेव्हाच समजलं. बाबांनी वही बंबात घातली तेव्हा मी अंगणात होते, आणि त्याच पाण्याने मी अंघोळ केली.

तेव्हा एकट्याने दुःख करू नकोस.

मी त्याच शाळेत एकोणीस वर्षं शिकवते आहे. पर्यवेक्षिका म्हणून माझ्या नावाची ऑर्डर योगेशभाऊंच्या टेबलावर आहे, सही व्हायची आहे. त्यांच्याच सभागृहात, त्यांच्याच अध्यक्षतेखाली, त्यांच्या वडिलांच्या पेल्यांची गोष्ट मी वाटू? तू अकोल्यात नकाशे काढशील, निस्तरायचं मला आहे. सरांना आता काय फरक पडतो? ते गेले.

फार तर त्यांच्या घरी जाऊन ये. त्यांच्या पत्नी ललिताबाई तिथेच आहेत. पण शाळेचं नाव मध्ये आणू नकोस, आणि माझंही.

मिशीचं लिही. एक पान पुरे.

रागावले असले तरी तुझीच,
ताई

*

अकोला,
६ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मिशीचा प्रसंग एका पानात लिहून सोबत पाठवला आहे. छाप. मी १२ तारखेला येणार नाही.

काल हिवरखेडला जाऊन आलो. सरांचं घर विचारावं लागलं. चौकातल्या पानवाल्याने नाटकवाले मास्तर का, असं विचारलं आणि मग हसला. ते हसणं मला समजलं नाही. घर ललिताबाईंच्या माहेरच्या वाड्यालगत आहे, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सरांचा फोटो होता, त्यापुढे मेणबत्ती. पुस्तकं पोत्यात बांधून कोपऱ्यात ठेवली होती. रद्दीला द्यायची आहेत, असं त्या म्हणाल्या.

मी बसलो आणि सगळं सांगितलं. एवढं सलग मी जन्मात बोललो नसेन. तुझं नाव घेतलं नाही, मुलगी अडली एवढंच म्हटलं. वाक्य सरांनी दुपारीच खोडलं होतं, हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला पुन्हा विचारलं, कोणी खोडलं होतं? मी म्हटलं, सरांनी. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. मग त्या उठून आत गेल्या आणि बाहेर आल्या नाहीत. मी बराच वेळ बसून राहिलो. शेजारची एक बाई चहा घेऊन आली, तो घेतला. निघताना दारातूनच म्हटलं की येतो, आज माझं मन हलकं झालं. माझा पत्ता एका कागदावर लिहून फोटोजवळ ठेवला.

परतीच्या गाडीत मला झोप लागली, ताई. कित्येक वर्षांत अशी झोप लागली नव्हती. शकुन म्हणाली की तोंडावर तजेला दिसतो.

तुझी ऑर्डर निघो.

आठवण ठेव, एवढंच मागणारा,
किशोर

*

हिवरखेड,
१६ ऑक्टोबर २०२५

किशोरभाऊ यांस,
जय भीम.

माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या. तुम्ही आले त्या दिवशी मी आत निघून गेली, ते रागाने नाही. बसणं होत नव्हतं म्हणून गेली.

शाळेतली नोकरी सुटल्यावर आम्ही इकडे माझ्या माहेरी आलो. नीलम चार वर्षांची होती. शिकलेला माणूस बायकोच्या गावात राहिला म्हणजे काय होते, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. यांनी जिनिंगमध्ये काटा पाहिला, पोरांच्या शिकवण्या घेतल्या, मिळेल ते केलं. माझे भाऊ त्यांना जेवताना नाटकवाले म्हणत. मीही म्हणू लागली.

मी त्यांना एकच विचारायची. हेडमास्तर हात जोडत होता, तुम्ही ते एक वाक्य काहून नाही काढलं? एका वाक्यापायी बायको-पोरगी उघड्यावर आणली. ते म्हणायचे, वाक्य चांगलं होतं, ललिता. बस. दुसरं कधी बोलले नाहीत. मला तो ताठा वाटे. मी एवढं बोलायची की शेजारी भिंतीला कान लावत, आणि हा माणूस म्हणे, वाक्य चांगलं होतं. मागची सहा वर्षं मी बोलणंच सोडलं होतं. ताट ठेवायची आणि आत जायची. ज्या दिवशी छातीत दुखत होतं, त्या दिवशीही त्यांनी मला आवाज दिला नाही. शेजारच्या बाईला हाक मारली.

आता तुम्ही सांगता की त्यांनी ते काढलं होतं. पोरांसाठी मान खाली घातली होती, आणि नंतर एका पोरासाठी घातली नाही असं सांगितलं. मला सांगितलं असतं तर मी तुमच्या बापाच्या दारात जाऊन उभी राहिली असती. तेच त्यांना नको असेल.

तुम्ही म्हणाले, मन हलकं झालं. झालं असेल. ते ओझं रस्त्यात पडलं नाही भाऊ, माझ्या घरात राहिलं. महिनाभर आधी आले असते तर मी त्यांच्याजवळ बसून एक घास तरी खाल्ला असता. फार नाही, एक महिना. अकोल्याहून गाडीला दोन-अडीच तासच लागतात.

पुस्तकं मी रद्दीला दिली नाहीत. कुठे ठेवू ते समजत नाही, म्हणून तशीच आहेत.

नीलम पुण्याला असते. तीन वर्षं बापाला भेटायला आली नाही. फोनवर मला विचारायची, काय म्हणतात तुझे नाटकवाले. मातीलाही उशिरा पोचली, आणि रडली नाही. तिला हे बोलणं मीच शिकवलं, लहानपणापासून, रोज. दिवाळीच्या सुट्टीत ती येऊन राहिली आहे. तिला हे सांगितलं तर ती बापासाठी रडेल, आणि मग माझ्याकडे पाहील. नाही सांगितलं तर जशी आली तशीच परत जाईल.

तुम्ही एवढी वर्षं चूप कसे राहिले, ते मी तुम्हाला त्या दिवशी विचारणार होती. काल नीलमने विचारलं की त्या रविवारी घरी कोण आलं होतं. मी म्हटलं, कोणी नाही, शाळेतला एक जुना विद्यार्थी. तुम्हाला विचारायचं आता काही राहिलं नाही.

पत्राचं उत्तर पाठवू नका. ती घरात आहे.

ललिता श्रावण तायडे