प्राप्तीचं वजन

तळा,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुजित यांस,
तेजस्वीचा नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही बरे असाल. भात कापून झाला. तुमच्या आईचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे.

फोन असताना कागद कशाला, असं म्हणाल. फोनवर बोलले की आपली प्राप्ती कान लावून बसते, आणि मेसेज टाकला तर आधी तीच वाचते. ऋत्विकभावोजी उद्या तुमच्याकडे मस्कतला परत निघालेत, म्हणून त्यांच्या हाती देते आहे.

तिच्या अंगात ते एन्झाइम तयार होत नाही, म्हणून मुंबईला नेऊन सुईतून द्यावं लागतं. जितकं जास्त मिळेल तितकं आजारामुळे पोटात साचलेलं भरभर विरघळतं. औषध वजनाच्या मानाने लागतं, हे डॉक्टरांनी मला भाताच्या लावणीवरून समजावलं. बाया तेवढ्याच आणि शेत वाढलं, तर काम रेंगाळणारच. गणपतीत तिचं वजन वाढलं तेव्हा म्हणाले, "अंग धरलंय, छान. पण सरकारकडून मंजूर झालेल्या बाटल्या आता पुरणार नाहीत, वाढीव अर्ज करा." अर्ज केला. उत्तर नाही.

मग मी वजनच वाढू दिलं नाही. आधी तिचं दूध बंद केलं, मग दुसऱ्यांदा भात वाढणं. तुमच्या आई म्हणाल्या, "पोरीला उपाशी मारतंस काय?" तर मीच त्यांच्यावर ओरडले, तुम्हाला यातलं काय कळतं म्हणून. बारावी शिकल्याचा माज, दुसरं काय.

गेल्या खेपेला वजन उतरलं. आजार बळावला असं वाटून डॉक्टर घाबरले. "जेवते ना नीट?" मी हो म्हणून मान हलवली. बाहेर येऊन बसले, पण राहवेना. परत आत जाऊन खरं सांगितलं. डॉक्टर खूप बोलले मला. बोलायलाच हवं होतं.

त्या दिवसापासून मी ताट भरून वाढते आणि ती जेवत नाही. दोन घास खाऊन म्हणते, "नको आये, वजन वाढला तर सुई पुरायची न्हाय." समजावलं, रडले, एकदा मारलंही. नऊ वर्षांची पोर, शाळेत प्रार्थनेला उभं राहवत नाही तिला. मी शिकवलं ते ती नीट शिकली आहे.

माझ्यावर आता तिचा विश्वास नाही. तुमच्यावर आहे. पत्र वाचलंत की लगेच तिला फोन करा. बाबांनी जास्तीच्या बाटल्या मिळवल्या, आता पोटभर जेव, असं सांगा. खोटं आहे, तरी सांगा.

नेहमीसारखं 'वेळेवर जेवत जा' असं या वेळी लिहवत नाही.

तुमची,
तेजस्वी