मोरीसानांना विचारायचं राहिलं

शनिवार, ८ नोव्हेंबर, कावासाकी, जपान

आज ऑफिसातले मोरीसान भेटले, ते निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच. कॉफी येण्याआधीच त्यांनी खिशातून तो वीस वर्षांपूर्वीचा हातात मावणारा कॉम्प्युटर काढला आणि त्याच्या काळ्या पडद्यावरून रुमाल फिरवला.

"पाटीलसान, जुना लिनक्स कर्नल छान चालतो. नवा टाकला की पडदा काळाच. माझंच काहीतरी चुकत असणार."

त्यांचं काहीच चुकत नाहीये. त्या यंत्राला चालवणारा कोड नव्या कर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, गेल्या वर्षी मीच काढला. रीतसर काढला म्हणा. आधी जगभरच्या लिनक्सवाल्यांना इंग्रजीत मेल टाकली, हे यंत्र अजून कोणी वापरतं का? महिनाभर कोणी बोललं नाही. म्हटलं, गेली अडगळ.

मोरीसान इंग्रजी मेल वाचत नाहीत, हे मला माहीत नव्हतं का? आठ वर्षं जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरून याच यंत्राच्या बटणांची टकटक ऐकलीय मी. सर्व्हरचा पंखा बिघडणार हे मला आवाजावरून आधीच कळतं, आणि ही टकटक आठवू नये? मी डिप्लोमावाला, कर्नल शिकलो तो यांच्याच शेजारी बसून. सगळ्या जगाला विचारलं, यांना एक फोन नाही केला.

कोड परत घालता येईल, आठवड्याचं काम आहे. पण ते सांगायचं तर तो मीच काढला हेही सांगावं लागलं असतं.

त्यांनी पुन्हा पडदा पुसला. "सुट्टीच्या दिवशी त्रास दिला, माफ करा," म्हणत वाकले.

मीही वाकलो आणि म्हणालो, "असू दे हो, होतं असं कधीकधी."