दाजींचा डोळा आणि पाहुण्यांचं वायफाय

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (वाकलोच आहे तर पत्र याच अवस्थेत लिहून टाकतो, पुन्हा सरळ व्हायला हल्ली वेळ लागतो). तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या वेळी मी उजव्याची चौकशी केली आणि दुखत होता डावा, म्हणून तू फोन ठेवून दिला होतास; यंदा दोन्हींची एकदम करतो. आमच्याकडे सौ., कन्या, दुकान आणि काचा घासायचं यंत्र, सगळ्यांची प्रकृती उत्तम. दाजींचा उजवा डोळा तर ऑपरेशननंतर इतका स्वच्छ झालाय की काल त्यांना दुकानाच्या छताला लागलेलं कोळ्याचं जाळं खालून दिसलं. आम्हाला ते चार वर्षांत दिसलं नव्हतं, आणि आम्ही चष्मे विकतो. दाजींनी शिडीवर चढून ते मोजायला घेतलं होतं, पण डॉक्टरांनी वाकू नका आणि चढू नका असं सांगितलंय म्हणून सौ.ने शिडी उचलून नेली. तेव्हा काळजी नसावी.

आता मुद्द्याचं. ताई, मला एक कबुली द्यायची आहे आणि ती द्यायला मी दोन वर्षं लावली. तू लेकीच्या बाळंतपणाला गेली होतीस आणि दाजी आमच्याकडे राहायला आले होते, ते तुला आठवत असेलच. दाजींविषयी मला किती आदर आहे ते तुला सांगायला नको. पस्तीस वर्षं वजनंमापं तपासण्याच्या खात्यात काढलेला माणूस. त्यांना रस्त्यात पाहिलं की दुकानदार आधी तराजू पुसायचे आणि मग तोंड. पण नोकरी सुटली तरी हात सुटत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा तपासला आणि तो चाळीस ग्रॅमनी खोटा निघाला. म्हणजे सौ.चा जो केक वीस वर्षं सगळ्यांनी वाखाणला, तो मुळात चुकलेला होता (तिने काटा दुरुस्त करून पुन्हा केला, तो कोणी खाल्ला नाही). दुसऱ्या आठवड्यात घरातली घड्याळं झाली, बादल्या झाल्या. तिसरा आठवडा सरता सरता ते दुकानाकडे वळले. एक गिऱ्हाईक नवा चष्मा लावून आरशात बघत होतं, मी पावती फाडत होतो, आणि दाजींनी खिशातली पट्टी काढून सरळ त्या गृहस्थांच्या नाकावर ठेवली. दोन बुबुळांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरने चुकलंय, असं म्हणाले. गिऱ्हाईक चष्मा काउंटरवर ठेवून गेलं ते आजतागायत फिरकलेलं नाही. (अंतर खरंच चुकलं होतं. पण ते सांगायची ही वेळ होती का?)

माझं डोकं तापलं होतं, आणि नेमका त्याच संध्याकाळी इंटरनेटवाला नवा राऊटर बसवायला आला. स्टुलावर उभ्या उभ्या त्याने विचारलं, काका, पासवर्ड काय ठेवू? माणसाने रागात तोंड उघडू नये म्हणतात ते उगाच नाही. मी म्हणालो, ‘दाजी कधी जाणार बावीस’. बावीस म्हणजे त्यांना येऊन झालेले दिवस. त्याने चेहऱ्यावरची रेषही न हलवता ते सगळं इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाकलं आणि पासवर्ड मजबूत आहे अशी पावती वर दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी अचानक निघाले, घरी काम आहे म्हणून. पासवर्ड मात्र राहिला. दोन वर्षं या घरात कोणाचाही नवा फोन आला की आम्ही तिघं हलक्या आवाजात तोच मंत्र म्हणत होतो.

अशात तुझा फोन आला, की दाजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्या इथल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात ठरलंय, तुला गुडघ्यांमुळे येता येत नाही, आणि त्यांना रोज दोनदा तुझ्याशी व्हिडिओवर बोलायला वायफाय लागेल. ताई, मला दरदरून घाम फुटला. ज्या बहिणीने आपल्या पहिल्या पगारातून मला चष्म्याचं काम शिकायला पाठवलं, तिच्या नवऱ्याच्या हातात मी ते वाक्य कसं ठेवणार? एकदा वाचलं की माणूस पुन्हा उंबरा चढायचा नाही, आणि त्याच्या पाठोपाठ तूही नाही. मी कन्येला म्हटलं (ती बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहे, तिथे तिच्यासमोर साहेबसुद्धा हळू बोलतात), पासवर्ड बदलून टाक. ती म्हणाली, बदलते, पण घरात अकरा यंत्रं त्याच पासवर्डवर आहेत. प्रिंटर, टीव्ही, दुकानाचा कॅमेरा, आणि ते काचा घासायचं यंत्र, जे जोडून द्यायला कंपनीचा माणूस मागे दोन दिवस बसला होता आणि जाताना आम्हाला त्याला हात लावू नका असं बजावून गेला होता. त्यापेक्षा बाबा, पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय करू.

मग तिने मला समोर बसवून समजावलं, आणि खरं सांगतो, मला ते पटलं. पाहुण्याला घरचं वायफाय देणं म्हणजे त्याला बैठकीत न बसवता सरळ आतल्या कपाटापाशी नेणं. त्याचा फोन आपल्या कॉम्प्युटरच्या शेजारी जाऊन बसतो, आणि आपल्या कॉम्प्युटरवर आठ हजार गिऱ्हाइकांचे डोळ्यांचे नंबर, पत्ते आणि जन्मतारखा आहेत (यातल्या कित्येक बायकांनी जन्मतारीख नवऱ्यालासुद्धा सांगितलेली नाही). पाहुणा सज्जन असतो, पण त्याच्या फोनला काय कीड लागली आहे हे त्यालाही माहीत नसतं. वेगळं वायफाय दिलं की त्याला इंटरनेट मिळतं, आपलं घर दिसत नाही. त्याचा पासवर्ड निराळा, तो हवा तेव्हा बदलता येतो, रोज किती वेळ चालावं ते ठरवता येतं, आणि पाहुणा गेला की बंद करता येतं. जाता जाता तिने राऊटरची स्वतःची किल्लीही बदलली आणि नवी मला चिठ्ठीवर लिहून दिली. जुनी कारखान्यातून आली तशीच होती, म्हणजे कुलूप लावून किल्ली त्याच कुलपाला टांगलेली. मला इतका आनंद झाला की मी तिला म्हटलं, पोरी, तू माझी अब्रू वाचवलीस. ती म्हणाली, अजून नाही.

कन्येने पाहुण्यांसाठी जो पासवर्ड ठेवला तो वीस अक्षरांचा होता, त्यात आकडे, टिंबं आणि एक असं चिन्ह होतं ज्याला मराठीत नाव नाही. दाजी आले, ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्याने (त्यातही मोतीबिंदू, त्याचा नंबर पुढच्या महिन्यात) ते माझं भिंग धरून अर्धा तास ती अक्षरं टाकत होते आणि अकराव्या अक्षराला चुकत होते. मला दया आली आणि मला अक्कल सुचली. ताई, तुझ्या भावाला अक्कल सुचली की घरात सगळे हातातली कामं टाकून बघायला येतात, पण त्या दिवशी नेमकं घरी कोणी नव्हतं. मी दुकानातल्या भिंतीवरचा तो अक्षरांचा तक्ता घेतला, ज्यावर आम्ही नजर तपासतो, आणि त्यातली खालून दुसरी ओळ, बरोबर आठ अक्षरं, पासवर्ड म्हणून टाकली. विसरायची भीती नाही, लिहून ठेवायला नको. शिवाय दाजींना रोज ओळ वाचावी लागेल, म्हणजे डोळा किती सुधारला तेही कळेल. मी स्वतःवरच खूश होतो.

तेवढ्यावर थांबलो असतो तर काय बिघडत होतं? पण दुसऱ्या दिवशी बाकावर बसलेल्या एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं, वायफाय आहे का. आणि मी, मोठ्या तोऱ्यात, समोरच्या तक्त्याकडे बोट करून म्हणालो, खालून दुसरी ओळ, वाचता आली तर तुमची. बाक खो खो हसला. मला काय माहीत, हा विनोद माझ्या आधी गल्लीच्या टोकाला पोचणार आहे. ज्यांना ओळ दिसत होती ते ज्यांना दिसत नव्हती त्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागले. समोरच्या केशकर्तनालयात लोक खुर्चीत बसून आमचं वायफाय वापरू लागले. शेजारच्या शिंपिणीने आपल्या तिन्ही मुलींना ओळ पाठ करून दिली. आणि त्याचा फटका बसला तो धंद्याला. शुक्रवारी एक ऐंशी वर्षांचे आजोबा नंबर काढायला आले. त्यांना तक्त्याच्या अगदी वरचं, हातभर मोठं अक्षर दिसेना. दुसरी ओळ दिसेना, तिसरी नाही. आणि खालून दुसरी ओळ त्यांनी डोळे मिटून घडाघडा म्हटली. तीस वर्षांच्या धंद्यात असा डोळा मी पाहिला नव्हता.

इकडे त्या वायफायचा जीव निघाला. तुला आठवतं ना, शनिवारी तू गुडघ्याच्या तेलाबद्दल काही सांगत होतीस आणि आमच्याकडे तुझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, दहा मिनिटं? दाजी त्या चित्रासमोर तसेच बसून होते, तू बोलायला लागशील म्हणून. मला फार वाईट वाटलं. कन्या दुपारी घरी आली, फोनवर पाहिलं, पाहुण्यांच्या वायफायवर एकोणचाळीस जण होते. तिने माझ्याकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं, तिथून माझ्याकडे पाहिलं, आणि ते वायफाय बंदच करून टाकलं. गल्लीत एकदम शांतता पसरली. न्हावी हातात कंगवा घेऊनच चौकशीला आला. त्याला वाटेला लावून मी आतल्या खोलीत दाजींना सांगायला गेलो, की आता थोडा वेळ बोलता यायचं नाही. तर दाजी आरामात उशीला टेकून तुझ्याशी बोलत होते, आणि तू तेलाचं पुढचं सांगत होतीस. चित्र लख्ख.

घरात दुसरं वायफाय एकच. तुझा फोन झाल्यावर मी काही विचारायच्या आधीच दाजींनी सांगितलं, अगदी सहज, की पहिलं बंद पडल्यावर फोन आपोआप जुन्यावर गेला. दोन वर्षांपूर्वी त्या इंटरनेटवाल्यानेच त्यांच्या फोनमध्ये पासवर्ड घालून दिला होता, आणि घालताना एकेक अक्षर मोठ्याने म्हटलं होतं. ताई, म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळचं ते घरचं काम म्हणजे हे काम होतं. यंदाही आल्या क्षणी त्यांचा फोन जोडला गेला होता. पण आम्ही एवढ्या हौसेने वेगळं करून दिलं म्हणून ते बिचारे एका डोळ्यावर पट्टी असताना आमची अक्षरं टाकत बसले. मी त्यांचे पाय धरायला गेलो, तर ते म्हणाले, वाकू नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय (ते त्यांना सांगितलंय, पण मी सरळ झालो). मी म्हटलं, दाजी, चुकलो, तुम्ही बोला, शिव्या द्या. ते म्हणाले, राग प्रश्नाचा नाही आला. प्रश्न रास्त होता. पण आकडा चूक आहे. मी आलो ते संध्याकाळी सातला, तो दिवस धरता येत नाही. एकवीस. दोन वर्षं माझ्या नावावर एक दिवस जास्तीचा लागलाय.

मी हसायला लागलो, मग ते हसले, सौ. धावत आली आणि कशाला हसतोय हे न कळताच हसली. ताई, इतका हलका मी कित्येक दिवसांत झालो नव्हतो. खरं सांगू, दाजी तेव्हा परत गेल्यापासून या घरात कोणी कशाला चूक म्हणत नाही, आणि सगळं थोडं थोडं चुकत राहतं. मला त्यांची आठवण यायची, पण कोणत्या तोंडाने बोलावू हे कळत नव्हतं. हे तुला आधीपासून माहीत होतं का, तेवढं मात्र कळव. मोठ्या लेकीला आशीर्वाद, नातवाचा गालगुच्चा घे.

तुझा,
धाकटा

ता. क. दाजींचा डावा डोळा पुढच्या महिन्यात आहे. मध्ये घरी जाऊन परत येतो म्हणतात. उगाच कशाला हेलपाटा? त्यांना इथेच राहू दे, आणि तूही गाडी करून ये. जिने चढायचे नाहीत, उंबरा मी काढून ठेवतो.

आणखी एक ता. क. तू म्हणशील, रोज दोनदा फोन असताना याला पत्र कशाला सुचलं. त्याचं असं आहे की कन्येने आणि दाजींनी मिळून घरचा पासवर्ड बदलला. दाजींनी वहीत टिपणं काढून दोन दिवसांत दहा यंत्रं स्वतः जोडली, काचा घासायच्या यंत्रासकट. अकरावा माझा फोन. तो त्यांनी पाहुण्यांच्या वायफायवर ठेवलाय, रोज अर्धा तास. तक्त्याच्या ओळीवर विसंबणाऱ्या माणसाला आतला पासवर्ड देणं सुरक्षित नाही, असं दोघांचंही मत पडलं. तो मला मिळायला दाजींची अट एकच आहे: दिवस एकवीस होते हे मी तुला लेखी कळवावं. कळवलं. पत्र हाती पडताच त्यांना फोन करून एवढंच सांग, की आकडा पोचला. बाकी पत्र त्याच्या भोवती कसं लिहायचं ते मला सुचत गेलं.

शेवटचा ता. क. हे मात्र पासवर्ड मिळेपर्यंत त्यांच्या कानावर घालू नकोस. काल दुकानाची जुनी वही काढली. दाजी आले त्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांच्या डोळ्यांचा नंबर काढल्याची नोंद आहे, माझ्याच अक्षरात. बावीसच होते गं.