गल्लीतलं तेरावं घर

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

पान ४३ चुकीचं आहे!

अकरा वर्षं, तीन आवृत्त्या. कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्यांसाठी मी लिहिलेलं विविक्त (डिस्क्रीट) गणिताचं पुस्तक — आणि चूक काढली झरीननं. माझी विद्यार्थिनी, दुसऱ्या वर्षाला आहे, चौथ्या आवृत्तीची प्रुफं तपासतेय. शनिवारी छपाई.

मी लिहिलंय: ईट गावातली आमची गल्ली, बारा घरं. एकमेकांकडं जेवायचं बोलावणं असेल तर दोघं जोडलेले. रामकिसन जोडला कृष्णराजशी, कृष्णराज परत रामकिसनशी. जोडलेल्याशी जो जोडलेला, तो आपल्याशीही जोडलेला; म्हणजे रामकिसन स्वतःशीही. म्हणून प्रत्येक जण स्वतःशी जोडलेला. सिद्ध!

झरीन म्हणाली, "सर, आणि ज्याला कुणीच बोलावत न्हाय, त्याचं?"

पहिल्याच पायरीला दुसरा माणूस लागतो. तोच नसेल तर?

"असं घर असतं कुठं?"

"असतंय की, सर."

४ फेब्रुवारी

घरं मोजली. तेरा. तेरावं कडूबाईचं!

तीस वर्षांपूर्वी बांधाच्या खटल्यात तिनं माझ्या वडिलांविरुद्ध साक्ष दिली. वडील जिंकले. खोटारडी म्हणून गल्लीनं तिला वाळीत टाकलं. माझ्याकडून तर ती मोजणीतूनच गेली — आणि मला कळलंही नाही.

वडील शेजारच्या खोलीत पेपर वाचतायत. त्यांना खटल्याचं विचारलं नाही.

६ फेब्रुवारी

ईटला गेलो. कडूबाई दारातच. "वाट चुकलास व्हय रं?"

भाकरी, शेंगदाण्याची चटणी. बस म्हणाली, बसलो. न राहवून विचारलं, "तुम्हाला जेवायला कोण बोलावतं?"

"मीच की! हाक मारते — ऊठ गं कडे, जेव. दुसरं कोण बोलावणार?" आणि लई हसली.

कुणाशीच न जोडलेली, स्वतःशीही नाही, म्हणून तिलाच पुस्तकात घ्यायचं ठरवलं होतं; ते नवं उदाहरणही मोडलं! ती स्वतःशी जोडलेलीच आहे. फक्त माझ्या सिद्धतेनं नाही.

७ फेब्रुवारी

पान ४३ बदललं. सिद्धता काढली. माणसं नकोत, नुसते आकडे घेतले — १ आणि २ जोडलेले, ३ एकटा, स्वतःशीही न जोडलेला. झरीननं पुन्हा तपासलं. "आता बरोबर, सर."

८ फेब्रुवारी

पुस्तक छापायला गेलं. वडिलांना सांगितलं — परवा कडूबाईकडं जेवलो.

त्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "साक्ष खरी होती तिची. बांध मीच सरकवला होता."