वगळलेली अट

सोमवार, ६ एप्रिल

वस्तुस्थिती, क्रमाने.
एक. मल्लिनाथ हा माझा शेवटचा पीएच.डी. विद्यार्थी. वीस तारखेला त्याची व्हायवा.
दोन. प्रबंधाचा कणा म्हणजे प्रमेय ४.३. दोन ऑपरेटर अल्जिब्रांमधले एकास-एक व आच्छादक फलन गुणाकार आणि तारांकन या दोन क्रिया जपत असेल, तर ते बेरीजही आपोआप जपते. म्हणजे वास्तव संख्यांपुरते ते रेषीय असते.
तीन. मी तपासलेल्या मसुद्यात एक अट होती: अल्जिब्रात क्रमनिरपेक्ष, म्हणजे गुणाकाराचा क्रम बदलला तरी फरक पडत नाही असा, तुकडा नसावा. तो मसुदा पाहून मी प्रमाणपत्रावर सही केली.
चार. छापील प्रतीत ती अट नाही.
पाच. अटीशिवाय प्रमेय खोटे आहे.
सहा. दोन्ही बाह्य परीक्षकांचा अभिप्राय अनुकूल आहे.
सात. आज व्हायवाचे प्रश्न काढायला प्रत उघडली तेव्हा हे दिसले. तूर्त मला एकटीलाच.

मंगळवार, ७

प्रत्युदाहरण दोन ओळींचे. क्रमनिरपेक्ष तुकड्यातल्या प्रत्येक संख्येला तिच्याच केवल मूल्याने गुणावे. बाकी सर्व जसेच्या तसे. दोनाचे चार, तिनाचे नऊ, सहाचे छत्तीस: गुणाकार शाबूत. पण एक अधिक एक? प्रतिमांची बेरीज दोन, बेरजेची प्रतिमा चार. संपले.

बारावीच्या मुलाला समजेल. परीक्षकांना समजले नाही, याचा अर्थ त्यांनी वाचलेच नाही. अभिप्रायात प्रस्तावनेतलीच वाक्ये उलटसुलट करून दिली आहेत.

अट परत घातली की ४.३ वाचते. पाचवे प्रकरण मात्र नेमके क्रमनिरपेक्ष तुकडा असलेल्या अल्जिब्रांवरच उभे आहे. ते पूर्ण जाते. दुरुस्ती म्हणजे नवे प्रकरण, पुन्हा परीक्षक, किमान वर्ष.

बुधवार, ८

मल्लिनाथला बोलावले. प्रत्युदाहरण फळ्यावर लिहिले. पहिली ओळ संपायच्या आतच त्याला कळले. मान खाली गेली. हुशार आहे, त्याचेच वाईट वाटते.

"अट मीच काढली, मॅडम."
का, म्हणून विचारले.
"सेमिनारमध्ये तुमीच म्हणालात की, कुबड्या घेऊन चालणारं प्रमेय. सगळे हसले. मला वाटलं, तो तुकडा बाजूला तोडून अटीशिवाय सिद्धता नेता येईल. रात्रंदिवस केलं. झालं असं वाटलं."

मी म्हणाले होते. वाक्य चांगले होते आणि मला ते आवडलेही होते. परंतु कुबडी टाकण्याआधी पाय आहे याची खात्री करावी लागते, हे वेगळे शिकवावे लागेल असे वाटले नव्हते.

मग त्याचा दुसरा सूर. अट या विषयात सगळे धरूनच चालतात, लिहिली नाही तरी. मी विचारले, धरली असेल तर पाचवे प्रकरण कशावर उभे? जाताना दारातून तो: "नातेपुत्याच्या कॉलेजात निवड झालीय. जूनच्या आत पदवी लागते. ते थांबणार न्हाईत, मॅडम."

शुक्रवार, १०

विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी चहा मागवला. दोन ओळी वाचल्या, चष्मा काढला.
"बरोबर आहे तुमचं. पण परीक्षकांनी पास केलंय ना? आपल्याच पोराच्या पायात आपणच पाय घालायचा? व्हायवा होऊ द्या. शुद्धिपत्र मागाहून लावू."
हे लेखी द्या, म्हटले.
"अहो, असल्या गोष्टी लेखी असतात होय?"
माझा चहा तसाच राहिला. मी निघताना मला ऐकू येईल अशा बेताने शिपायाला: "मॅडमना लिफ्टपर्यंत सोड रे. जिन्याचीसुद्धा सिद्धता मागतील."

विनोद बरा होता. माणूस बरा नाही.

रविवार, १२

दुधनीहून मल्लिनाथच्या वडिलांचा फोन. तुरीचे अडत दुकान आहे त्यांचे.
"एक ओळ कमी पडली म्हनं, मॅडम. एवढ्यानं काय बिघडतंय? पुस्तक तर लई जाड हाय की."
समजावण्याचा प्रयत्न केला. मापात खोट असेल तर पोती कितीही असोत, असे काहीतरी बोलले. उदाहरण ओबडधोबड होते. बोलतानाच लाज वाटली.
"मापात खोट आमी कदी केली न्हाई, मॅडम. पोरानं केली म्हनता?"
नाही, म्हटले. चुकला. आणि आता चूक माहीत आहे.
"आत्रि," म्हणाले. कानडीत 'झालं, ठीक.' आवाज ठीक नव्हता.

गुरुवार, १६

नव्या पेठेत चष्म्याची काडी बदलायला गेले होते. शेजारच्या कापडदुकानात मल्लिनाथ आणि त्याची आई. व्हायवा झाली की गाइडला शाल-श्रीफळ द्यायची रीत. तीच शाल बघत होते. आई दुकानदाराला सांगत होत्या, "गुरूसाठी हाय, हलकी दावू नगा." मल्लिनाथने मला पाहिले आणि नजर शालींवरच ठेवली. आईने पाहिले, हसल्या, दोन शाली हातांवर पसरून पुढे आल्या.
"बरं झालं भेटलात. कंचा रंग चालंल, मॅडम?"
वडिलांना ठाऊक आहे, आईला मात्र कोणी काही सांगितलेलेच नाही.
रंग मी सांगितला नाही. घाई आहे म्हणाले आणि काडी न बदलताच परतले.

शनिवार, १८

दोन दिवस मल्लिनाथचा फोन बंद. विभागातून निरोप: माझी प्रकृती बरी नसेल तर व्हायवाला दुसऱ्या गाइडची व्यवस्था होऊ शकते. माझी प्रकृती उत्तम आहे. व्यवस्थेचा निरोपही तोंडीच.

मी सोमवारी गेले नाही तरी व्हायवा होईल, प्रमेय छापील राहील, आणि तो नातेपुत्यात मुलांना शिकवू लागेल. गेले तर पहिला प्रश्न मला ४.३ वरच विचारावा लागेल, त्याच्या आईच्या देखत. दोन्हींपैकी काही करण्याआधी त्याला पत्र पाठवते आहे, प्रत विभागप्रमुखांना. नक्कल इथे ठेवते.

"चि. मल्लिनाथ, अनेक आशीर्वाद. तुझ्या कष्टांविषयी मला शंका नाही, तुझ्या बुद्धीविषयीही नाही. निवडीचा, जूनचा, घरच्यांचा विचार मीही केला आहे. तो या पत्रात नको. एकच प्रश्न विचारते. प्रमेय ४.३, प्रबंधात जसे छापले आहे तसे, खरे आहे काय? 'हो' असल्यास सिद्धता जोड. 'नाही' असल्यास तेवढा एकच शब्द पुरे. फोन करू नकोस, कोणाकरवी निरोपही नको. उत्तर सोमवारी सकाळी अकराच्या आत, तुझ्या सहीनिशी, मला लेखी हवे."